सातव्या तुकडीचं खोबरं

शेवटचा साधा दिवस रविवार होता. २०४४ सालचा फेब्रुवारी. आई उंबऱ्याशी बसून गवार मोडत होती आणि मी आबांना पेज भरवत होते. पेज घट्ट करावी लागे, कारण पातळ काही दिलं की ते त्यांच्या श्वासनलिकेत उतरायचं. अर्धा चमचा द्यायचा, हनुवटी खाली करायला सांगायची, गळ्यापाशी हालचाल झालेली बघायची, मग पुढचा.

"आज काय घातलंयस यात?" आबांनी विचारलं. शब्द आता पुटपुटल्यासारखे यायचे.

"हिंग-जिऱ्याची फोडणी."

"असंल," ते म्हणाले. "मला कुठलं कळतंय."

आई म्हणाली, "कळत न्हाई तर मग रोज इचारता कशाला?"

"तेवढंच बोलणं हुतंय."

त्या वाक्यापासून मला खरं सांगायला सुरुवात करता आली असती. मी म्हणाले, "आबा, आधी गिळा."

सोमवारी सकाळी आईचा फोन आला तेव्हा मी संस्थेत उंदरांच्या खोलीत होते. आबांना ठसका लागला होता आणि तो थांबत नव्हता. फुप्फुसात अन्न गेलं, न्यूमोनिया झाला. गुरुवारी ते गेले.

आबा म्हणजे दत्तोबा शेवाळे. सांगलीबाहेरच्या माळावर आमची चेताविज्ञान संस्था आहे, तिच्या पशुगृहात ते एकतीस वर्षं परिचर होते. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, उंदरांना खाणंपिणं देणं, मेलेले उंदीर उचलणं हे त्यांचं काम. त्यांच्याच पगारावर शिकून मी त्याच संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून लागले. पहिल्या दिवशी बसमधून उतरताना त्यांनी मला सांगितलं, "फाटकाच्या आत मी तुला मॅडम म्हणणार. तूही मला शेवाळे म्हण. लोकांना वाटायला नको, बाप-लेकीचं दुकान हाय म्हणून."

मला ते पटलं. थोडं सोयीचंही वाटलं, हे आता लिहायला हरकत नाही. तेव्हापासून फाटकाच्या आत मी त्यांना कधीही आबा म्हटलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेचं काम पार्किन्सनच्या आरंभावर होतं. या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर पट्ट्यातल्या पेशी मरत जातात. त्या डोपामीन तयार करतात आणि हालचाली ताब्यात ठेवतात. अडचण अशी की माणसाचा हात थरथरायला लागतो तोपर्यंत यांतल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. गेलेली पेशी परत येत नाही. त्यामुळे आजार थरथरीच्या आधी ओळखायचा, तर थरथरीच्या आधी काय होतं ते बघायला हवं, आणि ते माणसात बघता येत नाही, कारण कोणाला आजार होणार हे आधी माहीत नसतं.

म्हणून उंदीर. रोटेनोन हे काही झाडांच्या मुळांत सापडणारं विष. पूर्वी लोक त्याने किडे आणि तळ्यातले मासे मारत. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा ते बंद पाडतं, आणि त्या काळसर पट्ट्यातल्या पेशींना ऊर्जा सगळ्यांत जास्त लागते, त्यामुळे त्या आधी बळी पडतात. आमच्या आधीचे लोक मोठी मात्रा देत. उंदीर काही आठवड्यांत ताठरून जाई. तो आजाराचा शेवट होता. आम्ही तिळाएवढी गोळी कातडीखाली बसवली. तिच्यातून आठ महिने विष झिरपत राही, इतकं थोडं की उंदीर आधीसारखाच धावे, आधीसारखाच जाळीवर चढे. फक्त त्याचं नाक मंद होत जाई. माणसांतही अनेकदा आधी वास आणि त्याबरोबर चव जाते, हात पुष्कळ नंतर थरथरतो.

नाक मोजायला यंत्र होतं. काचेची मोठी पेटी, वर कॅमेरा, बाजूला हवेतले वायू टिपणारी पट्टी. पेटीत चार बोटं भुसा पसरायचा, त्याखाली खाण्याचा तुकडा पुरायचा आणि उपाशी उंदीर सोडायचा. तो किती सेकंदांत तुकडा शोधतो, कुठे थबकतो, किती वेळा हुंगतो, हे सगळं यंत्र नोंदवी आणि रोज प्रत्येक उंदराला गुण देई. आबांनी त्या पेटीचं नाव मास्तर ठेवलं होतं. "मास्तरनी आज एकोणीस नंबरला नापास केलं," असं ते सांगत.

भुशाखाली पुरायला परदेशी बिस्किटांचे तुकडे येत. उंदरांना ते आवडत नसत. आबांनी सुक्या खोबऱ्याचा तुकडा पुरून बघितला आणि पहिल्याच दिवशी उंदरांनी भुसा उधळून दिला. मग खोबरंच ठरलं. दर आठवड्याला आबा बाजारातून वाट्या आणत आणि डब्यात ठेवत. रोज सकाळी एक वाटी फोडायची, नाकाशी धरायची, कोपरा दाताखाली घालायचा, आणि मगच अडकित्त्याने मसुरीएवढे तुकडे करायचे. कारण खोबरं खवट झालेलं असेल तर उंदीर ते एकदा चाखतो आणि दुसऱ्या दिवसापासून शोधायचं सोडतो. खवट वाटी आबा पार कंपाउंडबाहेर नेऊन टाकत. हे सगळं आम्ही प्रयोगाच्या कृतीत लिहून काढलं होतं, अडकित्त्यासकट.

आणखी एक नियम होता. कोणत्या उंदराला विषाची गोळी आणि कोणत्याला नुसत्या तेलाची, हे मला आणि आबांना, म्हणजे रोज उंदरांसमोर उभं राहणाऱ्या कोणालाच, माहीत असता कामा नये. माहीत असलं की माणूस नकळत तसंच बघतो. यादी आमच्या सांख्यिकीतज्ज्ञ सलमा मुजावर हिच्या कपाटात बंद असे. पण आबांना ते तिसऱ्या महिन्यातच कळायचं. पिंजऱ्याचा भुसा उचलताना येणाऱ्या वासावरून.

"मॅडम, बावीस नंबर..."

"शेवाळे, सांगू नका."

"न्हाई, सांगत न्हाई. एवढंच की त्याचा भुसा..."

"सांगू नका म्हटलं ना?"

सलमा हसायची. "यादी माझ्याकडे कशाला, काकांच्या नाकात ठेवा."

२०३७ साली सातव्या तुकडीच्या वेळी आबा असलं काही बोलले नाहीत. साठ उंदरांपैकी एकाच्याही भुशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, त्यांना नियम समजला. मला बरं वाटलं होतं.

आठवा महिना संपला, सलमाने यादी उघडली, आणि दोन गटांत काहीच फरक नव्हता. तेल दिलेले उंदीरही अडीच-तीन मिनिटं चाचपडत होते. एरवी त्यांना चाळीस सेकंद पुरायचे. साठ उंदीर आणि आठ महिने वाया गेले होते. विभागप्रमुख डॉ. इनामदारांनी कारण शोधायला सांगितलं. आम्ही तिघं पशुगृहाच्या कोठीत गेलो आणि मी खोबऱ्याचा डबा उघडला.

वास तिघांनाही एकदम आला. सलमाने रुमाल काढला.

आबा हात पुसत आले.

"शेवाळे, हे खोबरं कधीचं?"

"गेल्या मंगळवारचं, मॅडम."

"बघून आणलं होतं?"

"बघूनच आणतो."

"आज सकाळी वास घेतला?"

"रोज घेतो. चांगलं हाय."

इनामदार म्हणाले, "अहो शेवाळे, काय चांगलं आहे? इथे उभं राहवेना!"

आबांनी आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाळीपाळीने बघितलं. मग डब्यातली वाटी उचलली, नाकाशी धरली, बराच वेळ धरली, कोपरा मोडून तोंडात टाकला आणि चावला. आम्ही बघत होतो. त्यांनी तो गिळला.

"चांगलं हाय की," ते म्हणाले.

इनामदारांना हसू आवरेना, ते दाराकडे वळले. सलमा खाली बघत राहिली. मला लाज वाटली. उंदीर वाया गेल्याची नव्हे. लोकांसमोर पकडला गेलेला माणूस धडधडीत खोटं बोलतो आहे आणि ते निभवायला खवट खोबरं चावून दाखवतो आहे, आणि तो माझा बाप आहे, याची.

मी त्याच टेबलावर नोंद लिहिली. "सातवी तुकडी रद्द. कारण: परिचराची हयगय. आमिष खराब असल्याचे दाखवून दिल्यावरही परिचराने खोटी माहिती दिली. क. शेवाळे." खाली परिचराची सही लागते. आबांनी केली. सहीची अक्षरं बारीक आली होती, शेवटी शेवटी आणखी बारीक. अक्षर बारीक होणं हेही एक आरंभीचं लक्षण आहे. मी ते दोन शोधनिबंधांत लिहिलं आहे.

घरी परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. बस तासगाव फाट्याला आली. मग आबा म्हणाले, "मॅडमनी बरोबर केलं. चूक झाली की लिवायलाच पायजे." फाटकाच्या बाहेर त्यांनी मला मॅडम म्हटलं ते तेवढं एकदाच. पुढच्या महिन्यात त्यांनी अर्ज दिला आणि निवृत्तीला वर्ष असताना घरी बसले.

आठव्या तुकडीला नवीन परिचर आला, ताजं खोबरं आलं, तिसऱ्या महिन्यातच फरक स्वच्छ दिसला. त्या आधारावर २०३८ च्या जानेवारीत माणसांवरची चाचणी सुरू झाली. एका जपानी गटाने एक औषध तयार केलं होतं, बिघडलेली प्रथिनं एका पेशीतून दुसरीत जाण्याआधी अडवणारं. आम्ही त्याला रोधक म्हणायचो. विष दिलेल्या उंदरांना नाक मंद झाल्याबरोबर रोधक दिलं तर पेशी वाचत. हालचाल बिघडल्यावर दिलं तर काहीही उपयोग होत नसे. म्हणून चाचणीत कोणाला घ्यायचं याचा नियम सोपा होता. वास गेलेला हवा, हात स्थिर हवा. थरथर सुरू झालेल्यांना घेऊ नये. ही ओळ मी लिहिली.

अशी माणसं शोधायला सलमा आणि मी गावोगाव शिबिरं घेतली. खरवडून हुंगायची कार्डं होती: लवंग, हिंग, मोगरा, संत्रं, कांदा, असे बारा वास. दहा महिन्यांत चाळीस गावं झाली. देवळाच्या ओसरीवर, शाळेच्या व्हरांड्यात म्हातारी माणसं रांगेत बसायची आणि थट्टा चालायची. "बाई, ह्याचं नाक न्हाई, अक्कल तपासा." एकशे बारा जण मिळाले. आमच्या घरी एकही कार्ड कोणी हुंगलं नाही.

त्याच वर्षी एकदा मी घरी आले तेव्हा आई भांडं घासत होती. "दूध उतू जाऊन करपलं. सगळ्या गल्लीला वास गेला. आणि हा माणूस दोन हातांवर बसून पेपर वाचतोय. नाकात काय बोळं घातल्यात?"

"रिटायर माणूस हाय मी," आबा पेपरामागून म्हणाले. "मला ड्यूटी न्हाई."

मी हसले. बॅगेत चौदा कार्डं होती.

ऑक्टोबरमध्ये त्यांचा उजवा अंगठा हलायला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, चालायला लावलं, मग समोरच्या पत्रकातून एकेक प्रश्न वाचायला सुरुवात केली. पत्रक आमच्या संस्थेचं होतं.

"वास कधीपासून येत नाही?"

आबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "दोन वर्सं तरी झाली असतील. पिकला पेरू शेजारी ठिवला तरी कळत न्हाई ह्यास्नी. मला वाटलं, सर्दीच हाय."

दोन वर्षं. मी खुर्चीत बसून मागे मोजत गेले. जानेवारी ते ऑक्टोबर, शिबिरांचे दहा महिने. त्याआधी कोठीतली सकाळ. त्याआधी सातवी तुकडी, आणि भुशाबद्दल आबांचं गप्प होणं. दुकानदाराने खवट वाट्या बिनदिक्कत त्यांच्या पिशवीत घालणं. पूर्वी तो दुकानदार आबांना लांबून बघून चांगली गोणी पुढे ओढायचा. सगळं एका ओळीत बसलं. डॉक्टर काय म्हणत होते ते मी ऐकलं नाही. त्या दिवशी मला जे कळलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. आधी वाटलं, आता सांगून उपयोग काय. रोधक तर देता येणार नाही. पुढे न सांगण्याची सवय झाली.

पहिली तीन-चार वर्षं ते हिंडत-फिरत होते. एकदा संध्याकाळी अंगणात खुर्चीवर बसून ते आपल्या हाताकडे बघत होते. मी शेंगा फोडत होते.

"कांचे," ते म्हणाले, "माझी गोळी कसली गं? तेलाची का विषाची?"

"आबा, काहीही काय!"

"न्हाई, आपलं इचारलं." हात मांडीखाली दाबून त्यांनी तो थांबवला. "सांगायचं नसतंय म्हणा."

त्यांना किती कळलं होतं हे मला माहीत नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षं उंदरांमध्ये काढली, त्याला आधी नाक जातं आणि मग पाय जातो हा क्रम कोणी शिकवायची गरज नव्हती. मी शेंगा फोडत राहिले.

आबांचं तेरावं झाल्यावर मी कामावर गेले. दुसऱ्या दिवशी सलमा लॅपटॉप घेऊन आली आणि दार लावून घेतलं.

"कांचन, बस. उंदरांच्या लघवीतला अमोनिया मोजायला आपण मास्तरला वायूची पट्टी लावली होती, आठवतं? ती बाकीचे वायूही टिपत होती. कोणी उघडून बघितलंच नाही. नव्या चाचणीसाठी मी जुन्या सगळ्या तुकड्या काढल्या." तिने पडदा माझ्याकडे वळवला. "खोबरं खवट होताना जो वायू सुटतो, तो हा."

आडव्या रेषेवर सहा वर्षं होती. पहिली साडेचार वर्षं रेघ जवळजवळ तळाला चिकटलेली. खवटपणाची जरा चाहूल लागली की आबा वाटी फेकत, म्हणून पेटीत तो वायू यायचाच नाही. मग २०३६ च्या पावसाळ्यानंतर रेघ किंचित उचलली. महिन्याला थोडी, पुन्हा थोडी. सातव्या तुकडीत ती चढत गेली आणि तुकडी रद्द झाली त्या दिवशी सगळ्यांत वर होती.

"हयगय अशी नसते," सलमा म्हणाली. "हयगय एखाद्या दिवशी होते, दुसऱ्या दिवशी होत नाही. ही रेघ एकदाही मागे आलेली नाही. हा काकांच्या नाकाचा आलेख आहे."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"आलेख माहीत नव्हता. बाकीचं माहीत आहे. पाच वर्षं झाली."

सलमा माझ्याकडे बघत राहिली. "आणि त्यांना?"

मी टेबलावरची बाटली उचलून विसळायला घेतली. ती धुतलेलीच होती.

मग तीच म्हणाली, "गावभर नाकं मोजत हिंडलो गं आपण."

माणसाचा वास जाताना महिन्या-महिन्याने नोंदलेला असा आलेख कुठेच नव्हता. लोक डॉक्टरकडे येतात ते वास गेल्यावर. इथे एका निरोगी माणसाचं नाक रोज सकाळी तपासलं गेलं होतं, त्याला किंवा आम्हाला न कळता. त्यावरून वास जाण्याच्या आणखी आधीची पायरी शोधता येईल, रोधक आणखी लवकर देता येईल. छापायला हवा यात शंका नव्हती. माणसाची माहिती म्हणून नैतिकता समितीची परवानगी लागणार होती.

इनामदार निवृत्तीला आले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं. "नाव देऊ नका. 'एक परिचर' लिहा, पुरे झालं. ती तुमची जुनी नोंद जोडायचीही गरज नाही. तुकडी तांत्रिक कारणाने रद्द झाली, इतकंच." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी हसलो होतो त्या दिवशी."

"हो."

"तुम्हालाच त्रास होईल म्हणून म्हणतो."

मी अर्ज दोन प्रकारे लिहिला. एकात नोंद जोडली नाही. तो नीटस होता, चार दिवस टेबलावर पडून होता. समितीपुढे मी दुसरा ठेवला.

बैठक मार्चच्या तिसऱ्या बुधवारी होती. अध्यक्ष कोरगावकर बाई, निवृत्त न्यायाधीश, संस्थेत नव्या. त्यांनी चष्मा लावून जुनी नोंद मोठ्याने वाचली. परिचराची हयगय. खोटी माहिती दिली.

"क. शेवाळे कोण?"

"मी."

"परिचर द. शेवाळे हयात आहेत का?"

"नाहीत. गेल्या महिन्यात वारले."

"मग संमती वारसाची लागेल. कोण आहे?"

इनामदारांनी घसा साफ केला. सलमा माझ्याकडे बघत नव्हती. मी तेरा वर्षं या इमारतीत काम करत होते आणि तो शब्द इथे कधी उच्चारला नव्हता.

"मी आहे," मी म्हणाले. "ते माझे आबा."

बाईंनी कागद खाली ठेवला. "म्हणजे ही नोंद तुम्ही वडिलांवर केली होती. आता तुम्हाला तिच्यात दुरुस्ती हवी आहे. काय दुरुस्ती?"

लेखनिकाने पेन उचललं. मी वाक्य तयार करून नेलं होतं, चांगल्या भाषेतलं, 'घ्राणक्षमतेचा ऱ्हास' वगैरे. ते बोलले नाही.

"त्या दिवशी खोबरं खवट होतं," मी म्हणाले. "आबांनी ते नाकाशी धरलं, चावलं, गिळलं, आणि मला सांगितलं की चांगलं आहे. मी लिहिलं की ते खोटं बोलले. मला त्यांच्याकडे बघून कळायला हवं होतं, कारण माझं काम तेच होतं. दहा महिने त्यांना औषध देता आलं असतं. नंतर मला कळलं आणि पाच वर्षं मी ते त्यांना सांगितलं नाही. लिहून घ्या. आबा खरं बोलत होते."